यॉर्कशायरच्या तीन शिखरांखालीं

विलायतेस जाऊन आलेल्या माणसास आमच्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात : लंडन पाहिलें काय, आणि थंडी कशी सोसली? सन २०१८ च्या शरदांत आम्ही लीड्स येथें पुतण्याकडे दीड महिना राहून परत आलों, तेव्हां वाईच्या घाटावरील मंडळींनीं आम्हांस हेच दोन प्रश्न केले व आम्हीं त्यांचीं यथायोग्य उत्तरें दिलीं. लंडन आम्हीं पाहिलें, थंडीहि सोसली. परंतु त्या प्रवासांतील जो दिवस आमच्या मनांतून जात नाहीं, त्याचा लंडनशीं कांहीं संबंध नाहीं. यॉर्कशायरच्या एका उजाड माळावर सायकलीचें एक चाक घेऊन उभें राहण्याचें काम त्या दिवशीं आमच्याकडे होतें, आणि नेमक्या वेळीं आम्ही तेथें नव्हतों. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

आमचा हा पुतण्या म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंचा धाकटा मुलगा. एकत्र कुटुंबांत वाढल्यामुळें तो आमच्याच हाताखालीं शिकला. गणितांत हुशार, खेळांत मात्र बेताचा. शाळेच्या शर्यतींत तो नेहमीं मागें राही, आणि "धांवून कोणाचें पोट भरलें आहे?" असें म्हणून आम्ही त्याची समजूत काढीत असूं. समजूत कसली, ती बोळवणच होती. पुढें तो इंजिनिअर होऊन तिकडे गेला, आणि वयाच्या तिशीनंतर त्यास सायक्लोक्रॉस नांवाच्या खेळाचा नाद लागला.

हा खेळ आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिला असेल, म्हणून त्याविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. याचा उगम फ्रान्स देशांत झाला. रस्त्यावरील शर्यतींचा हंगाम संपल्यावर हिंवाळ्यांत अंग जड होऊं नये म्हणून तेथील सायकलस्वार शेतें, चिखल व कुंपणें ओलांडीत जाऊं लागले. १९०२ सालीं त्या देशांत या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, व १९५० सालीं पॅरिस येथें पहिली जागतिक स्पर्धा भरली. आज बेल्जममध्यें याचें वेड विशेष आहे. जेथें सायकल चालते तेथें स्वारानें तिच्यावर बसावें, आणि जेथें चालत नाहीं तेथें उतरून, तिला खांद्यावर घेऊन धांवावें, हें याचें मुख्य सूत्र. वाहनानें माणसास वाहावें ही रीत सर्वत्र आहे. माणसानें वाहनास वाहावें ही रीत आम्हीं येथेंच पाहिली. नाहीं म्हणावयास तरुणपणीं पसरणीच्या घाटांत आम्हींहि सायकल हातांत धरून चढ चढलों आहों व पांचगणीहून उतरतांना तिच्यावर बसून आलों आहों. परंतु त्यास कोणी शर्यत म्हटलें नाहीं.

एरवीं या शर्यती एखाद्या बागेंत वा माळावर फेऱ्या घालून तासाभरांत आटोपतात. आमच्या पुतण्यानें निवडलेली शर्यत मात्र निराळी होती. यॉर्कशायरच्या पश्चिमेस इंगलबरो, व्हर्नसाइड व पेन-ई-गेंट असे तीन डोंगर आहेत. त्यांची उंची अनुक्रमें ७२३, ७३६ व ६९४ मीटर. कळसूबाईच्या १६४६ मीटरांपुढें हे आंकडे किरकोळ वाटतील. आम्हांसहि नकाशांत पाहतांना तसेच वाटले. परंतु तेथील डोंगराची मोजणी उंचीवर करूं नये, ती पायांखालच्या भूमीवर करावी. खालीं चुनखडीचा पांढरा खडक, त्यावर वर्षानुवर्षें साठलेली काळी, भिजट माती. पाऊल टाकावें तर कोठें दगड लागतो व कोठें घोट्यापर्यंत पाय जातो. चुनखडी पाण्यानें झिजत असल्यामुळें सारा प्रदेश पोटांतून पोखरलेला आहे. इंगलबरोच्या उतारावर एक ओढा वाहतां वाहतां एका विवरांत शिरतो, आणि तेथून सुमारें शंभर मीटर खालीं भूगर्भांतील एका दालनांत कोसळतो. वर झाड म्हणून जवळजवळ नाहीं. मेंढरें, दगडांच्या कोरड्या भिंती आणि वारा, एवढेंच.

१९५९ सालीं स्किप्टन गांवच्या एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलानें सायकल घेऊन हे तिन्ही डोंगर एका दिवसांत ओलांडले. त्याच्या शिक्षकांनीं त्यास काय म्हटलें असेल, हा विचार आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं. त्या मुलाच्या धाडसावरून कल्पना घेऊन १९६१ सालीं शर्यत सुरू झाली. जॉन रॉन्सली या गृहस्थांनीं ती पहिल्या वर्षीं जिंकली व पुढें अनेक दशकें तिची व्यवस्थाहि पाहिली. अंतर सुमारें ६१ किलोमीटर, एकूण चढ सुमारें १५०० मीटर. उत्तम स्वार तीन तासांच्या आसपास परत येतात. बाकीच्यांस पांच-सहा तासहि लागतात. वाटेचा बराच भाग खासगी जमिनींतून व पायवाटांवरून जातो, व तेथें सायकल नेण्याची परवानगी या एकाच दिवसापुरती मिळते. त्यामुळें सराव करावयाचा तो पायींच. पुतण्या वर्षभर दर रविवारीं तेथें जाऊन नुसता चढत-उतरत असे. आदल्या वर्षीं त्याचा अर्ज स्वीकारला गेला नव्हता. यंदा स्वीकारला गेला होता, आणि पुढच्या वर्षीं त्याची बदली पुण्यास व्हावयाची होती. म्हणजे ही संधि पहिली आणि शेवटची.

सप्टेंबरची ३० तारीख, रविवार. पहांटे अंधारांत आम्ही लीड्सहून निघालों. मोटार सूनबाई चालवीत होती. हेलविथ ब्रिज या लहानशा ठिकाणीं पोहोंचलों, तेव्हां नदीकांठच्या शेतांत शेंकडों स्वार गोळा झाले होते. प्रत्येकाजवळ शिटी व अंगाभोवतीं गुंडाळावयाची पातळ चंदेरी चादर असावी असा नियम होता. डोंगरावर धुकें उतरून कोणी जायबंदी झाला तर तीं कामीं यावयाचीं. पुतण्यानें टायरांतील हवा अंगठ्यानें दाबून पाहिली, थोडी सोडली, पुन्हां दाबून पाहिली. आम्हीं कारण विचारलें. तो म्हणाला, "काका, चिखलांत हवा कमी असली तर टायर जमीन धरून चालतो. पण दगडावर आदळला तर आंतली ट्यूब दगडाच्या व चाकाच्या कडेंत चिमटते, आणि शेजारीं शेजारीं दोन भोकें पडतात. त्याला इकडे सर्पदंश म्हणतात." मग जास्त हवा कां भरीत नाहींस, असें आम्हीं विचारतां तो हंसून म्हणाला, "मग चिखलांत घसरतें. दोन्ही साधत नाहींत. सकाळींच एक कांहींतरी ठरवावें लागतें." अदमासानें ठरवून त्याचें फळ दिवसभर भोगावयाचें, हा व्यवहार आम्हांस अपरिचित नव्हता.

मदतनिसांस ठराविक जागीं उभे राहून खाद्य, पाणी किंवा सुटें चाक देण्याची तेथें मुभा आहे. आमचें काम असें ठरलें : इंगलबरो उतरल्यावर कोल्ड कोट्स येथें पाण्याची बाटली द्यावयाची, आणि व्हर्नसाइड उतरल्यावर रिबलहेडच्या पुलाशीं सुटें चाक घेऊन उभें राहावयाचें. त्याच्यापाशीं एकच जादा ट्यूब होती. व्हर्नसाइडच्या उतरणीवर फरसबंद दगड व पाणी वाहून जाण्याच्या चऱ्या आहेत, तेथें चाकें फार फुटतात, म्हणून रिबलहेडचें काम महत्त्वाचें, हें त्यानें दोनदां सांगितलें. शेवटच्या डोंगराच्या पायथ्याशीं ठराविक वेळेनंतर कोणासहि वर सोडीत नाहींत, हेंहि त्यानें सांगितलें. त्यानें चाक मोटारींत ठेवलें, आम्हीं मोठ्या अधिकारानें म्हटलें, "तूं निश्चिंत जा."

साडेनऊच्या सुमारास शर्यत सुटली. आम्ही सेटल गांवावरून वळसा घालून कोल्ड कोट्सला गेलों. तेथून वर पाहिलें तर डोंगराचा माथा ढगांत होता, आणि ढगांतून एकेक ठिपका खालीं घरंगळत येत होता. जवळ येतांच ते माणसें होत. पहिले स्वार वाऱ्यासारखे निघून गेले. बऱ्याच वेळानें आमचा गडी आला. गुडघ्यापर्यंत काळा, कपाळावर चिखलाचा टिळा, पण चेहरा असा प्रफुल्ल, कीं लहानपणीं बक्षिसाच्या दिवशींहि आम्हीं तो तसा पाहिला नव्हता. सायमन फेलचा उभा चढ त्यानें सायकल खांद्यावर व एक हात गवतावर टेंकून पार केला होता, आणि योजलेल्या वेळेपेक्षां तो सहा मिनिटें पुढें होता. बाटली घेऊन "रिबलहेडला भेटूं!" म्हणत तो गेला.

रिबलहेडला यावयास त्यास दीड तास तरी लागणार होता. आम्हांस मोटारीनें जावयाचें अंतर थोडें. वाटेंत चॅपल-ले-डेल येथें एक लहानसें दगडी चर्च आहे, तें पाहावें अशी इच्छा आम्हीं प्रकट केली. तिचें कारण असें. रिबलहेडचा जो प्रसिद्ध पूल आहे, तो सेटल ते कार्लाइल या आगगाडीच्या मार्गावर आहे. त्याचें काम १८७० सालीं सुरू झालें. चोवीस कमानी, लांबी ४०० मीटर, उंची ३२ मीटर. तो बांधण्यासाठीं शेंकडों मजूर बायकामुलांसह त्या माळावर लांकडी झोंपड्यांत येऊन राहिले. अपघात, थंडी आणि देवीची सांथ यांत त्यांतील पुष्कळ मेले, व या चर्चच्या आवारांत त्यांस पुरलें. बहुतेकांच्या थडग्यांवर दगडहि नाहीं. चर्चच्या आंत मात्र एक संगमरवरी शिळा आहे. काम करतांना अपघातांत ज्यांचे प्राण गेले त्यांच्या स्मरणार्थ ती त्यांच्या सोबतच्या मजुरांनीं व रेल्वे कंपनीनें मिळून बसविली, असें तिच्यावर कोरलें आहे.

ती शिळा पाहतांच आम्हांस बोरघाट आठवला. १८६३ सालीं पुरा झालेला तो लोहमार्ग बांधतांना पटकीनें व इतर रोगांनीं हजारों मजूर मेले. त्या घाटांतून आम्ही किती वेळां मुंबईस गेलों-आलों. खंडाळ्याचा धबधबा खिडकींतून मुलांस दाखविला. परंतु तेथें मेलेल्या माणसांचा विचार आमच्या मनांत कधीं आला नव्हता. तो सात समुद्रांपलीकडे, परक्या मजुरांच्या शिळेपुढें आला. आम्हीं टांचणवही काढून मजकूर उतरून घेण्यास आरंभ केला. मग आवारांत फिरून गवतांत बुजलेल्या जागा पाहिल्या. तेवढ्यांत कुत्रा घेऊन फिरावयास आलेले एक वृद्ध गृहस्थ भेटले. त्यांस आम्हीं बोरघाटाची माहिती दिली. ते फार आस्थेनें ऐकत होते, आणि आस्थेनें ऐकणारा श्रोता मिळाला म्हणजे निवृत्त मास्तराचें काय होतें, तें वाचकांस सांगावयास नको.

सूनबाईनें घड्याळ पाहिलें. "काका, निघूं या का?" आम्ही म्हणालों, "हो, हो, एवढी ओळ उतरून घेतों." थोड्या वेळानें ती पुन्हां म्हणाली, "पुलापाशीं गाड्यांची गर्दी असेल." आम्ही म्हणालों, "पांच मिनिटें." तिसऱ्यांदां ती बोलली नाहीं. वडील माणसास एकच गोष्ट तिसऱ्यांदां सांगूं नये, हें वळण तिला आमच्याच घरानें लावलें होतें.

रिबलहेडला पोहोंचलों तों रस्त्याच्या दोन्ही बाजूंस मोटारी उभ्या. जागा मिळाली ती पुष्कळ दूर. सूनबाई चाक घेऊन पळत सुटली, आणि आम्ही धापा टाकीत तिच्या मागें. समोर तो अजस्र पूल उभा होता. परंतु त्याच्या कमानी मोजण्याची इच्छा आतां उरली नव्हती. मदतनिसांच्या रांगेंत, ठरलेल्या जागीं, पुतण्या सायकल उलटी करून उभा होता. पहिलें पंक्चर माथ्यावरून उतरूं लागतांच झालें, तेथें जादा ट्यूब संपली. दुसरें खालच्या फरशीवर. तेथून तो सायकल खांद्यावर टाकून, शक्य तेथें धांवत आला होता. शेजारच्या एका बाईनें आपल्या नवऱ्यासाठीं आणलेलें चाक त्यास देऊं केलें, पण तें त्याच्या सायकलीस बसेना. तो तेथें बारा मिनिटें उभा होता.

आम्हांस पाहून तो एवढेंच म्हणाला, "आलांत? बरें झालें." चाक बसविण्यास त्यास एक मिनिटहि लागलें नाहीं. मग तो हॉर्टनच्या रस्त्यानें असा गेला, कीं तसा वेग त्या अंगांत आहे हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

आम्ही मागाहून हॉर्टनला पोहोंचलों. पेन-ई-गेंटची वाट जातांयेतां एकच. वरून उतरणारे चिखलानें माखलेले लोक आनंदानें ओरडत येत होते, आणि वाटेच्या तोंडाशीं आमचा पुतण्या सायकलीस टेंकून उभा होता. तो चार मिनिटें उशिरा आला होता. तेथील स्वयंसेवक वयस्क व मृदुभाषी होता. त्यानें पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून कांहीं सांगितलें. नियम योग्यच होता. डोंगरावर ढग उतरत होते, आणि वर पहारा करणारींहि माणसेंच होतीं; त्यांस अंधार पडेपर्यंत तेथें ठेवणें बरें नव्हे. पुतण्यानें वाद घातला नाहीं. त्यानें तिसऱ्या डोंगराकडे एकदां पाहिलें, आणि उरलेला सपाट रस्ता सायकलीनें जाऊन तो हेलविथ ब्रिजला परतला. निकालपत्रांत त्याच्या नांवापुढें वेळ नव्हती. शर्यत पुरी केली नाहीं, एवढी नोंद होती.

बारा मिनिटें उभा होता, चार मिनिटें उशीर झाला. हें गणित चौथींतील मुलासहि सुटावें. परतीच्या वाटेवर मोटारींत कोणी एक शब्द बोललें नाहीं. तो मागच्या बाजूस डोळे मिटून बसला होता. आम्हांस त्याचें धांवण्याच्या शर्यतींतील लहानपण आठवलें, आणि "धांवून कोणाचें पोट भरलें आहे" हें वाक्य ओंठांपर्यंत येऊन थिजलें. फलाशा सोडण्याचा गीतेंतील उपदेश आम्हीं चाळीस वर्गांना शिकविला असेल. परंतु दुसऱ्याच्या कर्माचें फळ आपल्या हलगर्जीपणानें बुडाल्यावर त्यास तो उपदेश करण्याचा अधिकार आपणांस उरत नाहीं, एवढें आम्हांस त्या वेळीं कळलें.

रात्रीं जेवण झाल्यावर आम्हीं दोघांस समोर बसवून सांगितलें, "उशीर आमच्यामुळें झाला. सूनबाईनें दोनदां आठवण दिली होती. आम्हीं ऐकलें नाहीं." वाक्य एवढेंच, परंतु घरांतील वडीलपणाच्या चाळीस वर्षांत आम्ही असें वाक्य कधीं बोललों होतों असें आठवत नाहीं. सूनबाई मान खालीं घालून ताटें उचलूं लागली. पुतण्या म्हणाला, "काका, हवा सकाळीं मीच कमी केली होती. तुम्ही वेळेवर असतां तरी पुढें काय झालें असतें कोण जाणे." हा त्याचा चांगुलपणा. हवेचा निर्णय चुकला असेल, पण तो निर्णय होता. आमची ती निव्वळ बेपर्वाई. मग थोडें थांबून त्यानें विचारलें, "त्या शिळेवर काय लिहिलें होतें?" आम्हीं वही काढून वाचून दाखविली. तो लक्ष देऊन ऐकत होता. "दर रविवारीं त्याच रस्त्यानें जात होतों," तो म्हणाला, "पण आंत कधीं गेलों नाहीं."

पुढील वर्षीं तो पुण्यास आला. ती सायकल त्यानें बरोबर आणली आहे. कधीं रविवारीं तो वाईस येतो व पसरणीचा घाट चढून जातो. तो परत येण्याच्या वेळीं आम्ही पाण्याचा तांब्या घेऊन पायथ्याशीं उभे असतों, आणि अर्धा तास आधींच जातों. तिसरें शिखर मात्र राहिलें तें राहिलेंच, आणि तें आमच्या खात्यावर आहे.

शाळेंत असतांना उशिरा येणाऱ्या मुलास आम्ही दारांतच "उशीर कां झाला?" असें विचारीत असूं, आणि उत्तर येण्यापूर्वींच त्यास बाहेर उभें करीत असूं. हजेरीपटावर मुलाचें एकट्याचेंच नांव असतें. त्याला उठवावयास विसरलेल्या माणसाचें, वाटेंत अडकवून ठेवणाऱ्याचें नांव तेथें लिहावयास रकाना नाहीं. आतां आमच्याकडे शाळा नाहीं, हजेरीपटहि नाहीं. परंतु वाड्यांतील एखादा मुलगा उशिरा घरीं आला, तर तोच प्रश्न आम्ही अजूनहि विचारतों. आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबतों.